सही एकाची, घर दुसऱ्याचे



संपाच्या सभा घेणारा माणूस धंदा कसा मांडावा यावर बोलणार, हे वाचून काहींना हसू आले असेल. पण कारखाना बंद पडला की भरपाईची रक्कम घेऊन कामगार प्रथम युनियनच्या खोलीत येतो आणि विचारतो, "भाऊ, आता पुढे काय?"

२००९ साली असेच पाच लेथकामगार आमच्याकडे आले. पैसे एकत्र करून त्यांनी शेड भाड्याने घेतली होती, दोन जुने लेथ आणले होते. कागद कोणता करावा, एवढेच विचारायचे होते. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे कायदे वाचले, पण ते कामगारांचे. "स्टॅम्प पेपरवर भागीदारीपत्र करा, पाचांच्या सह्या घ्या, झाले," असे आम्ही सांगून टाकले. १९३२ चा भागीदारी कायदा आम्ही उघडूनही पाहिला नव्हता.

दोन वर्षे काम भरपूर होते. मग एकाने लोखंडाच्या व्यापाऱ्याकडून मोठी उधारी उचलली. सही एकाची, कर्ज मात्र सगळ्यांचे! भागीदारीत एकाने धंद्यासाठी केलेला व्यवहार साऱ्यांना बांधतो, आणि सारी रक्कम कोणाही एकाकडून वसूल करता येते. इकडे एका गिऱ्हाइकाने बिल थकवले होते. त्याच्या दारी खेपा घालण्यात अडीच वर्षे गेली. दावा लावायला गेलो तेव्हा वकिलांनी विचारले, फर्म नोंदवली आहे का? नव्हती. नोंदणीची सक्ती नाही. मात्र नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. तिच्यावर मात्र बाहेरचा लावू शकतो. नोंदणी होईपर्यंत तीन वर्षांची मुदत उलटली.

पाचवा माणूस दुसऱ्या वर्षीच बाहेर पडून रखवालदारीस लागला होता. उधारी त्यानंतरची. पण तो निघाल्याची जाहीर सूचना कोणी दिली नव्हती, त्यामुळे व्यापाऱ्याच्या लेखी तो भागीदारच राहिला. इतर चौघे भाड्याच्या घरात. याच्या दोन खोल्या स्वतःच्या. जप्ती तिथे आली. बेलीफ आला त्या दिवशी आम्ही त्याच्या दारात होतो. त्याची बायको आम्हाला काही बोलली नाही. तिने चहा दिला.

त्यानंतर आम्ही पुस्तके धरली. लंडनच्या सालोमन नावाच्या जोडेवाल्याने आपल्या धंद्याची कंपनी केली. सभासद सात, सारे घरचेच. कंपनी बुडाली. १८९७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की कंपनी ही वेगळी व्यक्ती, तिचे कर्ज ते सालोमनचे नव्हे. पूर्वी हा निकाल आम्हाला मालकांची पळवाट वाटला असता. त्या दोन खोल्या गेल्यावर तो आम्ही निराळ्या डोळ्यांनी वाचला.

तीच भिंत आज लहान माणसालाही बांधता येते. दोघे असतील तर २००८ च्या कायद्याखाली मर्यादित दायित्वाची भागीदारी होते; उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर तिला लेखापरीक्षणाची सक्ती नाही. प्रायव्हेट कंपनीला ते दरसाल करावेच लागते. २०१३ च्या कायद्याने एकट्यालाही कंपनी काढता येते. निरनिराळ्या कुटुंबांतली दहा माणसे जमली तर १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली सहकारी संस्था. तिथे भाग कितीही असोत, मत एकच. कॉफी बोर्डाने कॉफी हाउसे बंद केली तेव्हा कामावरून गेलेल्या कामगारांनी १९५७ पासून अशाच संस्था काढून ती पुन्हा चालवली. आमचे मन या वाटेकडे ओढते. पण पाच जणांच्या शेडला दहा माणसे आणायची कोठून?

आणि भिंत बांधली तरी बँक कर्ज देताना वैयक्तिक हमी मागते. त्या कागदावर सही केली की घर पुन्हा भिंतीबाहेर.

गेल्या महिन्यात त्या पाचव्याचा मुलगा एका मित्रासह आमच्याकडे आला. त्यांना लेथच टाकायचा आहे. बँकेचे कागद बरोबर होते. हमीपत्रावर आम्ही पेन्सिलीने खूण केली आणि म्हटले, सही करण्याआधी हे एवढे पान आईला वाचून दाखव.