अर्धे बरोबर



आठवीत इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर ‘इनंडेट’ हा शब्द लिहून अर्थ विचारला. मी उभा राहिलो आणि ‘आत येणे’ असे ठोकून दिले. ‘इन’ दिसले म्हणून! वर्ग हसला, सर हसले नाहीत. म्हणाले, “अर्धे बरोबर. आत काय येते ते शोधून आण.” सर आज समोर बसले आहेत. सर, उत्तर आणले आहे, चाळीस वर्षे उशिरा.

‘इनंडेट’ म्हणजे पाण्याखाली बुडवणे. शब्द मूळचा लॅटिन. ‘इन’ म्हणजे आत, ‘उंदा’ म्हणजे लाट. लाट आत शिरली की पूर. पत्रांचा भडिमार झाला तरी इंग्रजीत हाच शब्द. आपणही ‘शुभेच्छांचा पूर’ म्हणतोच.

‘सराउंड’ याच लाटेतून आला. त्याचा जुना अर्थ ओसंडून वाहणे. ‘राउंड’शी उच्चार जुळला आणि तो ‘वेढणे’ झाला. ‘गावाला पुराचा वेढा पडला’ असे आपण म्हणतो, तेव्हा दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

‘अबंडंट’, म्हणजे विपुल, हाही तिथलाच. आणि ‘रिडंडंट’सुद्धा. भरून वर सांडलेले, म्हणून जादा, नको असलेले. हा शब्द मला पन्नाशीत भेटला, नोकरीवरून कमी केल्याच्या पत्रात. पंधरा दिवस घरी सांगितले नाही. सकाळी डबा घेऊन निघायचो आणि वाचनालयात बसायचो. तिथे एक दिवस सहज शब्दकोश उघडला आणि सरांची लाट सापडली. विपुल आणि जादा, दोघे एकाच पाण्याचे! पाणी तेच, भांडे लहान पडले. त्या संध्याकाळी घरी सांगून टाकले.

आणखी एक. या ‘उंदा’चे नाते संस्कृतातल्या ‘उन्द्’, म्हणजे ओले करणे, या धातूशी आहे. आपले ‘उदक’ आणि ‘समुद्र’ त्याच कुळातले. तेव्हा सर, त्या नोकरीवर मी उदक सोडले. आता गल्लीतल्या मुलांना इंग्रजी शिकवतो. कोणी चुकले की म्हणतो, “अर्धे बरोबर. उरलेले शोधून आण.”