मे महिन्यात पाणी कोण घालणार?

(पालघर येथील युवक-युवती शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला विषय दिला होता 'तरुण आणि पर्यावरण'. तो माझ्यासाठी फार मोठा आहे. म्हणून मी चाळीस फूट लांब आणि तीस फूट रुंद एवढ्याच पर्यावरणाबद्दल बोलणार आहे. कॉलेजच्या सायकल स्टँडमागे तेवढी जागा पडून होती. तिथे आम्ही विद्यार्थ्यांनी भाजीची बाग केली. तीन वर्षं मी तिच्यात होतो. पहिल्या वर्षी ती वाळून गेली, दुसऱ्या वर्षी जगली आणि तिसऱ्या वर्षी माझ्याशिवाय चालली. या तीन वर्षांत काय काय चुकलं, ते आधी सांगतो. तुमच्यापैकी कुणी बाग करणार असेल तर तेच जास्त कामाला येईल.

मी बोईसरचा. अब्बा तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जातात. आमच्या चाळीत तुळशीएवढीही मोकळी जागा नाही. पण दादीचं घर चिंचणीला. तिच्या परसात मोरीचं पाणी जिथे जातं तिथे अळू, त्याच्या पुढे केळ आणि कोपऱ्यात शेवगा. त्याला कुणी 'प्रकल्प' म्हणत नव्हतं. सांडपाणी वाया जाऊ नये आणि कालवणाला काहीतरी मिळावं, एवढाच हिशेब होता. माझ्या डोक्यात बाग होती ती ही.

पहिल्या वर्षी जूनमध्ये आम्ही सातजण उतरलो. सातही जण एकाच कट्ट्यावरचे, आणि खरं सांगायचं तर सातही मुसलमान. ठरवून नाही, पण तसंच झालं. भेंडी, काकडी, शिराळी लावली. पालघरचा पाऊस धो धो पडतो, त्यामुळे चार महिने कुणाला काही करावंच लागत नाही. बिया फेका, वेल मांडवावर जातो. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत भेंडी तोडायला आली. फोटो काढले, ते सगळीकडे पाठवले. मी भाषण ठोकलं की बघा, आम्हीही कॅम्पससाठी काहीतरी करतो.

ते 'आम्हीही' लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येतो.

ऑक्टोबरला पाऊस गेला, परीक्षा आल्या. नोव्हेंबरात निम्मी बाग गेली. उरलेली एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या तेव्हा कशीबशी उभी होती. मे महिन्यात सगळे आपापल्या घरी. कुंपणाच्या फाटकाची किल्ली माझ्या खिशात आणि मी लग्नाला मुंबईत. जूनमध्ये आलो तेव्हा मांडवावर सुतळ्या तेवढ्या होत्या.

दोष उन्हाचा नव्हता. आम्ही पिकाचं वेळापत्रक पाहिलं होतं, माणसांचं पाहिलंच नव्हतं. कॉलेजातली बाग आणि घरची बाग यांत हाच फरक. घरात दादी बारा महिने असते. कॉलेजात दर वर्षी एक तृतीयांश माणसं निघून जातात आणि उरलेली सुट्टीवर जातात.

दुसऱ्या वर्षी आम्ही कागद घेतला. एका रकान्यात महिने, दुसऱ्यात कोण हजर असतं, तिसऱ्यात काय लावायचं. जून ते सप्टेंबर वेलभाज्या, कारण पाणी आभाळाचं. परीक्षेच्या आधी लाल माठ, कारण तो महिनाभरात काढून मोकळं होता येतं. नोव्हेंबरात वाल, कारण आपल्याकडे भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल येतो. हे शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आम्हाला मात्र एक वर्ष वाया घालवून कळलं. आणि मे महिन्यात काही लावायचंच नाही. पालापाचोळ्याचा जाड थर अंथरायचा आणि जमीन झाकून ठेवायची. फक्त शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू यांना पाणी, तेही जवळ राहणाऱ्या चौघांनी, नावं लिहून.

आता मातीबद्दल. बोईसरच्या मुलासाठी माती हा साधा विषय नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात तारापूर 93.69 गुणांनी देशात पहिलं होतं. असा पहिला नंबर कुणाला हवा असतो? त्यामुळे पहिली भेंडी मी घरी नेली तेव्हा अब्बांनी ती हातात घेतली, फिरवून पाहिली आणि एकच विचारलं, "मातीचा रिपोर्ट काढलास का?" आयुष्यभर त्या शेडमध्ये काम केलेल्या माणसाचा तो पहिला प्रश्न होता. मी काढला नव्हता. अम्मीने ती भाजी केली नाही. मला राग आला, पण बरोबर तेच होते.

तर हे नीट ऐका. मातीचा नमुना एका जागेचा घ्यायचा नाही. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही'सारखा वीतभर खोल खड्डा करायचा, त्याच्या कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र करून सावलीत वाळवायची आणि त्यातली अर्धा किलो पाठवायची. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश कळतं. शिसं, कॅडमियम कळत नाही. त्याची तपासणी वेगळी आणि महाग असते. म्हणजे हातात 'चांगला' रिपोर्ट असला तरी आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसू शकतं. आमचं तसंच झालं. सामू उत्तम आला आणि आम्ही उड्या मारल्या. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी विचारलं, "तुम्ही विचारलं होतं काय आणि उत्तर आलंय कशाचं?"

त्या जागेवर पूर्वी बांधकामाचा राडारोडा आणि रंगाचे डबे टाकलेले होते. मोठ्या तपासणीचे पैसे जमेपर्यंत आम्ही तीन नियम केले. मूळ जमिनीत खायचं काही लावायचं नाही. विटांचे उंच वाफे करून त्यात बाहेरून खात्रीची माती आणि शेणखत भरायचं. पालेभाज्या आणि कंदमुळं रस्त्याकडेला लावायची नाहीत, कारण जड धातू फळांपेक्षा पानांत आणि मुळांत जास्त उतरतात, आणि धूळही पानांवरच बसते. मोठा रिपोर्ट पुढच्या वर्षी वर्गणी काढून केला. तो ठीक आला. तेव्हा अम्मीने भेंडी केली.

आणि एक भ्रम आत्ताच काढून टाका. बागेने प्रदूषण जात नाही. नाल्याचं पाणी रंगीत का येतं, हा प्रश्न प्रदूषण नियंत्रण मंडळाला, ग्रामसभेला, माहिती अधिकाराच्या अर्जातूनच विचारावा लागतो. बाग एवढंच करते की तो प्रश्न तुमच्या ताटात आणून ठेवते. मग तो विचारल्याशिवाय राहवत नाही. आमच्यासारख्या घरांत तो विचारणं सोपं नाही, कारण त्याच कारखान्यांवर चूल पेटते. अब्बा त्यावर फार बोलत नाहीत. पण रिपोर्ट त्यांनी मागितला, हे मी विसरत नाही.

आता त्या 'आम्हीही'कडे.

पहिल्या वर्षी कॉलेजात बागेला 'त्यांची बाग' म्हणायचे. मला वाटलं, हा भेदभाव आहे. थोडा असेलही. पण किल्ली कुणाकडे होती? माझ्याकडे. मीटिंग कुठे व्हायची? आमच्या कट्ट्यावर. मग बाग त्यांची नाही तर कुणाची म्हणणार? मी बाग भाजीसाठी कमी आणि सिद्ध करण्यासाठी जास्त लावली होती. आम्ही चांगले आहोत, आम्ही कामाचे आहोत. मित्रांनो, एवढं ओझं वालाच्या वेलावर टाकू नका. आपण नागरिक आहोत ते भेंडी उगवून दाखवली म्हणून नाही.

दुसऱ्या वर्षी कुलूप काढलं. वसतिगृहातल्या आदिवासी मुलींनी पहिल्याच दिवशी आमच्या वाफ्यातलं 'तण' उपटू दिलं नाही. तो टाकळा होता. पहिल्या पावसात येणारा, खायचा. शेवळं काकडाच्या फळांबरोबर शिजवली की घशाला खाजत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. आम्ही पुस्तक उघडून बसलो होतो आणि पुस्तक समोर उभं होतं.

आपल्याच जिल्ह्यात हे कुणीतरी फार आधी ओळखलं होतं. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं चारायला जातात, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. आम्ही तेच छोट्या प्रमाणावर केलं. संध्याकाळची डहाणू लोकल चुकेल म्हणून मुली थांबत नव्हत्या, तर बागेची वेळ दुपारच्या सुट्टीत आणली. हजेरी आपोआप वाढली.

रमजान आणि होळी एकाच महिन्यात आले तेव्हा पाण्याची यादी कुणी न सांगता बदलली. रोजे होते तेव्हा दुपारची पाळी दुसऱ्यांनी घेतली. होळीला त्या गावी गेल्या तेव्हा आम्ही घेतली. यावर कुणी भाषण केलं नाही. आज मीच करतोय, माफ करा.

कुलूप काढल्यावर चोरी झाली का? झाली. दोनदा काकड्या गेल्या. मग वाटेकडेचा एक वाफा 'कुणीही न्यावा' असा ठेवला. त्यानंतर आतल्या वाफ्यांना फारसा हात लागला नाही. लागला तरी आम्ही मोजत बसलो नाही.

तिसऱ्या वर्षी मी शेवटच्या वर्गात होतो. यादीत माझं नाव मुद्दाम घातलं नाही. मे महिन्यात एक दिवस न राहवून गेलो. शेवग्याच्या आळ्यात ओल होती. पाणी कुणी घातलं, मला माहीत नाही. मी बादली ठेवली आणि स्टेशनकडे निघालो.

तुम्हाला बाग करायची असेल तर बी, खत, कुदळ यांच्या आधी एक कागद घ्या. वर लिहा 'मे महिना' आणि खाली चार नावं. ती चारही तुमच्याच कट्ट्यावरची निघाली, तर आधी दुसऱ्या कट्ट्यावर जाऊन बसा.