सेवेतील अडचणी आणि ख्रिस्ती दृष्टिकोन

(कर्मचारी प्रार्थनासभेत केलेले भाषण)



कामाच्या ठिकाणी येणाऱ्या अडचणींकडे ख्रिस्ती माणसाने कसे पाहावे, या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. धर्मशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तेव्हा प्रवचन न करता, हिशेबाच्या मेजावरून जे दिसते तेच सांगतो. आपल्यातील अनेक सहकारी ख्रिस्ती नाहीत. त्यांनाही यात परके वाटू नये, अशी आशा आहे.

अडचण आली की आपल्याकडे क्रूस वाहण्याची भाषा फार लवकर सुरू होते. लागोपाठ तिसऱ्या रात्रपाळीला थांबलेल्या परिचारिकेस ती भाषा ऐकवणे सोपे असते. तिच्या जागी माणूस शोधणे कठीण असते. प्रभू येशूने क्रूस स्वतः उचलला. तो दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवण्यासाठी त्याच्या नावाचा उपयोग व्हावा, हे आम्हास रुचत नाही.

जुन्या करारातील एलीया संदेष्ट्याची कथा या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला हा पुरुष ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळाला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवदूताने त्याची कानउघाडणी केली नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी त्याच्या उशाशी ठेवले. एलीया जेवला, झोपला, उठून पुन्हा जेवला. होरेब पर्वतावरचा संवाद त्यानंतरचा, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतरचा. तेथेही त्यास नुसते कामावर परत धाडले नाही. अलीशासारखा सोबती व उत्तराधिकारी नेमून दिला. २०२० व २०२१ या करोनाच्या वर्षांत आपल्या परिचारिकांच्या चेहऱ्यावर जो थकवा आम्ही पाहिला, त्यावर याहून योग्य उपाय आम्हास सापडलेला नाही. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसे, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो याने कामाची वाटणी करण्यास सांगितले, तेही याच जातीचे. (सासऱ्याचा सल्ला मानणारा जावई विरळा, मोशेने तो मानला.)

परंतु आमच्या मेजावरची मोठी अडचण पैशाची आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशानुसार धर्मादाय रुग्णालयांनी रुग्णदेयकांच्या एकूण रकमेतून दोन टक्के वेगळे काढून निर्धन रुग्ण निधी ठेवायचा असतो. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागायची नाही. हे सर्व न्याय्यच आहे. पण मेंदूच्या एका शस्त्रक्रियेत वा अतिदक्षता विभागातील दहा दिवसांत निधीची शिल्लक कशी उतरते, ते रोजकीर्द लिहिणाराच जाणतो. नंतर तहसीलदारांचा दाखला हातात घेऊन कोणी शेतमजूर खिडकीशी उभा राहतो.

मोह येतो तो येथे. खाट रिकामी असताना नाही म्हणून सांगावे, किंवा औषधांची किंमत खरेदीहून चढी दाखवून निधी कागदोपत्री लवकर संपवावा. असे सुचवणारी माणसे वाईट असतात असे नाही. बहुधा त्यांना रुग्णालय वाचवायचे असते.

यरुशलेमेतील गरिबांसाठी पौलाने मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली, त्याचा वृत्तांत करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. पौलाच्या सचोटीबद्दल त्याच्या मित्रांना शंका नव्हती. तरीही तो तीताबरोबर आणखी दोन बंधू पाठवतो आणि त्यांतील एक तर मंडळ्यांनीच निवडलेला. देवासमोर स्वच्छ असणे त्याला पुरेसे वाटत नाही. लोकांच्या नजरेलाही ते स्वच्छ दिसावे, असा त्याचा आग्रह आहे. लेखापरीक्षणाची कल्पना आम्हास महाविद्यालयात शिकवली गेली, पण तिचा अर्थ या अध्यायाने अधिक उलगडला.

म्हणून निधीची शिल्लक दर शनिवारी डॉक्टरांच्या बैठकीत वाचली जाते आणि राखीव खाटांची संख्या नोंदणी खिडकीजवळच्या फलकावर लिहिली जाते. शिल्लक संपली तर तूट विश्वस्तांपुढे मांडायची, देणगीदारांची दारे ठोठवायची. रुग्णाशी खोटे बोलायचे नाही. प्रार्थनेने तूट भरते काय, असे एका तरुण लेखनिकाने आम्हास विचारले. तूट देणगीनेच भरते. खोटी नोंद करा असे सांगणाऱ्यास नकार देण्याचे बळ मात्र आम्हास प्रार्थनेतून मिळते, आणि ते दरवेळी सहज मिळते असेही नाही.

मिरजेस १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी सुरू केलेल्या रुग्णालयाचा इतिहास सांगताना शल्यचिकित्सकांची नावे आदराने घेतली जातात. तेथील खतावणी कोणी लिहिली, हे कोणी विचारत नाही. आमच्या व्यवसायाचे हे भाग्य असेच आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही.

शेवटी एक सूचना. पुढील महिन्यापासून रात्रपाळीची यादी पंधरा दिवस आधी लावण्यात येईल. सलग पाळ्या लागल्यास परिचारिका भगिनींनी आधी मेट्रनबाईंना सांगावे आणि तेथे मार्ग न निघाल्यास आमच्या कार्यालयात यावे. दार उघडे असते. मार्चअखेरच्या आठवड्यात मात्र खुर्च्यांवरही पावती पुस्तके असतात, तेव्हा उभ्यानेच बोलावे लागेल.