शेठचा मेसेज आला तरी शेठला विचारा

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे.)

आजचा भाग निफाड तालुक्यातल्या धंदेवाल्यांसाठी. कृषी सेवा केंद्र असो, कांद्याची आडत असो, द्राक्षाचं पॅकहाऊस असो की किराणा दुकान. हाताखाली दोन माणसं असोत की पन्नास, विषय सगळ्यांचा आहे: फसवणूक.

ओटीपी सांगू नका, लिंक उघडू नका, हे तुम्ही हजारदा ऐकलंय. आज ते परत नको. आज माझं म्हणणं एकच आहे. तुमच्याकडे कामाला असलेल्या माणसाला तुम्हाला उलट विचारायची भीती वाटत असेल, तर तुमचा गल्ला उघडाच आहे असं समजा.

एक उदाहरण सांगतो. सप्टेंबर 2022. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट, जगात लस पुरवणारी कंपनी. तिथल्या एका संचालकाच्या फोनवर व्हॉट्सॲप मेसेज आला. नाव अदर पूनावालांचं. अमुक खात्यांवर ताबडतोब पैसे पाठवा. पैसे गेले, एक कोटी एक लाखाच्या वर. नंतर कळलं की पूनावालांनी असा मेसेज केलाच नव्हता. मग बंडगार्डन पोलीस ठाण्यात तक्रार झाली.

यात कुणी कॉम्प्युटर फोडला नाही, पासवर्ड चोरला नाही. साहेबांचं नाव आणि "ताबडतोब" हा शब्द, एवढ्यावर काम झालं. एवढ्या मोठ्या कंपनीत हे होतं, तर आपल्या दुकानातला पोरगा "शेठ, मेसेज तुम्हीच केला का?" असं कधी विचारणार? त्याला वाटतं, शेठ म्हणतील, तुला वाचता येत नाही का.

आता म्हणाल, हे शहरातलं झालं. पण ही युक्ती आपल्या शिवारात जुनीच आहे. लासलगावला, पिंपळगावला बाजार समितीत कांद्याचा लिलाव चारचौघांत होतो, व्यापाऱ्याकडे परवाना असतो. द्राक्षाचा सौदा बहुतेक बागेतच. बाहेरचा व्यापारी येतो, पहिल्या गाडीचे पैसे रोख मोजतो. दुसरीलाही थोडे देतो. मग म्हणतो, भाऊ, आता माल भरू द्या, गाडी थांबलीय, चेक घ्या. हंगाम संपतो, फोन बंद होतो. 2020 मध्ये प्रताप दिघावकर नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक असताना अशा फसलेल्या द्राक्ष उत्पादकांच्या तक्रारींसाठी पोलिसांनी मोहीमच काढली होती, आणि बऱ्याच जणांचे पैसे परत मिळाले.

जाता जाता एक कामाचं सांगतो. चेक परत आला तर "देतो, देतो" वर बसू नका. बँकेचा मेमो हातात पडल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. ती मुदत गेली की कलम 138 चा रस्ता अवघड होतो.

बघा, दोन्हीकडे जुळणी तीच. आधी विश्वास, मग घाई, आणि विचारायचा संकोच. म्हणून उपायही तिथेच करायचा. चार नियम सांगतो, कागदावर लिहून गल्ल्याजवळ चिकटवा.

पहिला. मेसेजवरून पेमेंट नाही. मेसेज माझ्या नावाने आला, फोटो माझा असला, तरी माझ्या जुन्या सेव्ह केलेल्या नंबरवर फोन करायचा. मी उचलला नाही तर पैसे थांबतील. ठरावीक रकमेच्या वर दोन माणसांनी बघितल्याशिवाय पेमेंट जाणार नाही.

दुसरा. "आमचं बँक खातं बदललंय" असं कोणी कळवलं, की त्या मेसेजमधल्या नंबरवर फोन करायचा नाही. आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर करायचा. द्राक्ष बाहेर पाठवणाऱ्यांनी हे परदेशातल्या गिऱ्हाइकालाही आधीच सांगून ठेवावं. ईमेलच्या पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे करून तुमच्या बिलावर दुसरंच खातं टाकतात, आणि तुमचे पैसे तिसऱ्याच्या खात्यात जातात.

तिसरा, काउंटरचा. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हे, एसएमएससुद्धा नव्हे. साउंडबॉक्स बोलला किंवा आपल्या ॲपमध्ये जमा दिसले, तरच माल द्यायचा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे काउंटरवरच्या प्रत्येकाला पाठ पाहिजे. आणि रोज सकाळी शटर उघडलं की क्यूआर कोड बघायचा, वर दुसरा कुणी चिकटवला नाही ना.

चौथा. ज्या फोनवर दुकानाचं बँकेचं ॲप आहे, तो फोन वेगळा ठेवा. आरटीओचं चलन, लग्नपत्रिका, सरकारी योजना अशा नावाने एपीके फाइल येते. ती टाकली की फोनवर येणारे ओटीपी दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतात.

एवढं करूनही पैसे गेले तर? लगेच 1930 ला फोन करा, किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, आणि बँकेला कळवा. व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ तयार ठेवा. तक्रार लवकर गेली तर पैसे पुढच्या खात्यात असतानाच बँक ते रोखू शकते. उशीर झाला की ते एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातात, आणि शेवटी एटीएममधून निघतात. मग सापडणं कठीण.

आणि इथेच मालकाचा स्वभाव महागात पडतो. "चूक केलीस तर पगारातून कापीन" असं ज्या दुकानात बोललं जातं, तिथला पोरगा फसला तर पहिले दोन तास तो मित्रांकडून उसने मागण्यात घालवतो. तुम्हाला कळतं संध्याकाळी हिशोब जुळत नाही तेव्हा. पैसे वाचवायची वेळ तीच होती, ती भीतीपायी गेली.

म्हणून उद्या सकाळी सगळ्यांना एकत्र बोलवा, चहा मागवा, आणि तुमच्या तोंडाने सांगा: मला विचारलं म्हणून कुणाला बोलणी बसणार नाहीत, आणि फसलात तर आधी मला सांगा, पगाराचं नंतर बघू. मग आठवड्याभरात कुणी खरंच फोन करून "शेठ, हे तुम्हीच पाठवलंत ना?" असं विचारलं, तर कितीही कामात असलात तरी चिडू नका. त्याला शाबास म्हणा. कागदावरचा नियम त्या दिवशी खरा लागू होतो.

तुमच्या दुकानात असं काही घडलं असेल तर नाव-गाव न सांगता कळवा, पुढच्या भागात घेऊ.