आपांच्या चार जन्मतारखा



बोलण्याआधी आपांनी मला दोन अटी घातल्या. नाव घ्यायचं नाही आणि कुणाला रडवायचं नाही. पत्रिकेवर ‘अमृतमहोत्सव’ छापलेलं पाहून त्या म्हणाल्या, “मेरेकू क्या मूर्ती बनाके बिठाते?” म्हणून आज त्या खुर्चीवर न बसता मागे सतरंजीवर पोरींमध्ये बसल्या आहेत आणि माझ्या भाषणापेक्षा त्यांचंच बोलणं जास्त ऐकू येतंय.

वाढदिवस साजरा करावा की नाही, यावर आपल्या घराघरांत वाद आहेत. त्यात मी पडत नाही. मला आपांच्या जन्मतारखेबद्दल बोलायचंय, कारण त्यांच्याकडे ती एक नाही, चार आहेत.

शाळेत मास्तरांनी लिहिली १ जून १९५०. सोलापुरात काय, अख्ख्या महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं किती निघतात बघा. नाव घालायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मास्तरांनी वाटलेली ती तारीख. मतदार ओळखपत्रावर १९४७ साल आहे. आधारवर १ जानेवारी १९५३. आणि विडी कारखान्याच्या मुनशीने प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदावर अंदाजाने १९५५ लिहून टाकलं.

हसू येतं, पण याचा हिशेब ऐका. आपांनी ऐन उमेदीत दिवसाला हजार विड्या वळल्या. पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरायचा, दोरा बांधायचा, आणि वर घरचा स्वयंपाक. पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. शाळेच्या तारखेप्रमाणे ती २००८ मध्ये मिळायला हवी होती, मुनशीच्या अंदाजाप्रमाणे २०१३ मध्ये. शाळेचा दाखला तेव्हा हाताशी नव्हता. एका कार्यालयातल्या साहेबांनी सांगितलं, “आजी, आधी तुमचं वय ठरवा, मग या.” पाच वर्षं गेली. त्या पाच वर्षांत त्यांनी सांधे दुखत असताना विड्याच वळल्या.

दुसरं कुणी असतं तर नशिबाला बोल लावून बसलं असतं. आपांनी दाखला शोधून काढला आणि मग मोहल्ल्यातल्या बायकांच्या कागदांच्याच मागे लागल्या. एकीचं नाव रेशनकार्डावर एक, बँकेत दुसरं. दुसरीचं लग्नाआधीचं आडनाव अजून मतदार यादीत. स्कूटरवर कुणाच्याही मागे बसून जातात, आणि चालवणाऱ्याला सारखं “तेज चला रे” म्हणतात. चौथी पास बाई फॉर्म ६ नव्या मतदाराचा, फॉर्म ८ दुरुस्तीचा, हे तोंडपाठ सांगते. आपल्यातले पदवीधर ते मोबाइलवर शोधत बसतात. (मीसुद्धा शोधलं होतं.)

आता खऱ्या तारखेचं. आपांची अम्मी सांगायची, पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात, रमजानमध्ये ही झाली. नळदुर्गाकडचं गाव, निजामाचा मुलूख, त्यामुळे १९४८ चा सप्टेंबर तिथे कुणी विसरलं नव्हतं. आपल्या एका मुलाने हिशेब मांडला. १३६९ हिजरीचा रमजान १९५० च्या जूनच्या मध्याला लागला आणि जुलैच्या मध्यापर्यंत चालला. पाऊस, रमजान, साल, तिन्ही जुळलं! म्हणजे मास्तर फार चुकले नाहीत, आपण थोडे दिवस आधी जमलोय इतकंच. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्या हिशेबाने आपांना ७७ पूर्ण झाली. हे सांगितल्यावर त्यांनी त्या मुलाला पाठीत धपाटा घातला.

चार कागदांनी जे जमलं नाही, ते एका आईच्या आठवणीने जमवलं. पण सरकारी खिडकीवर आठवण चालत नाही, आणि ती सांगणारी माणसंही एकेक करून जात आहेत. तुमच्या दादी-नानीला आजच विचारा, लिहून ठेवा, आणि त्यांचे सगळे कागद एका जागी ठेवून ताडून बघा. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा योग्य पुरावा हाती आल्याशिवाय घाईने अर्ज करू नका.

आपांना शाल नको, नारळ नको. केक चालेल, तोही अंड्याचा का बिनअंड्याचा यावर भांडून झालंय. मंडपाबाहेर टेबल मांडलंय, तिथे फॉर्म आणि पेन आहेत. जेवण झाल्यावर आपा तिथे बसणार आहेत. ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांचे कागद आणलेत त्यांनी रांग लावा, ज्यांनी आणले नाहीत त्यांनी बिर्याणी खाऊन घरी जाऊन घेऊन या. आठपर्यंत त्या आहेत.