निकाह सदोष ठरला तर मेहेरचे काय?

मी वकील नाही, मास्तर आहे. शाळेच्या फॉर्मवर सही करताना कर्जत-खालापूरचा पालक दहा प्रश्न विचारतो. निकाहनाम्यावर मात्र तोच पालक न वाचता सही करतो, म्हणून हा विषय घेतला.

मेहेर व इतर अटी निकाहच्या पायावर उभ्या असतात. तो पायाच कच्चा निघाला तर? हनफी फिकहात येथे दोन भेद आहेत. सख्ख्या भाचीशी लावलेला निकाह बातिल, म्हणजे मुळात झालाच नाही. साक्षीदारांवाचून किंवा इद्दतीत लावलेला फासिद, म्हणजे सदोष. फासिद निकाहात दोघांचा शरीरसंबंध आला असेल तर स्त्रीला मेहेर मिळतो. मात्र ठरलेली रक्कम आणि तिच्या घराण्याच्या रीतीचा मेहेर यांत जी कमी असेल ती. मुले औरसच ठरतात. (आपली कोकणी घरे बहुतेक शाफई; तेव्हा त्या मताविषयी काझीसाहेबांना विचारून घ्यावे.)

कर्नाटकातील चिंचोलीच्या एका कज्ज्यात नवऱ्याने पोटगी चुकविण्यासाठी सांगितले, "पहिली बायको हिची बहीण, म्हणून हा निकाहच नाही!" दोष स्वतःचा आणि लाभही स्वतःलाच! 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने हा निकाह फासिद मानला व न्यायालय तो रद्द करीपर्यंत पोटगी देणे भाग आहे, असे ठरविले.

तेव्हा मुलाचे आधीचे लग्न, मुलीची इद्दत यांची चौकशी आधीच करा. मेहेर आकड्यात व अक्षरांत लिहून घ्या, आणि निकाहनाम्याची एक प्रत माहेरच्या पेटीत राहू द्या.