लॅपटॉपचा पंखा काय सांगतो?



काटकसरीने घेतलेला लॅपटॉप घरघरू लागला की तो बिघडला, असे आपण समजतो. वस्तुतः दोष बहुधा पंख्याचा नसतो. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीतून पातळ पत्र्यांपर्यंत येते. पंखा खालून हवा ओढून त्या पत्र्यांमधून बाहेर लोटतो. लॅपटॉप गादीवर ठेवल्यास किंवा जाळीत धूळ साचल्यास हवा अडते, पंखा जोराने फिरतो. तापमान १०० अंशांजवळ गेले की प्रोसेसर स्वतःच मंदावतो.

म्हणून लॅपटॉप पाटावर ठेवा. वर्षातून एकदा जाणकाराकडून झाकण उघडवून धूळ काढून घ्या. तरीही खरखर राहिली, तर पंखा तेवढा बदलावा. मुलांचा अभ्यास मात्र थांबवू नये.